थंडीतल्या पाहुण्यांना दाण्यांपेक्षा काय हवे असते

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे : थंडी सुरू झाली आहे, पुण्यातल्या तुमच्या सोसायटीत पंधरा-वीस मोठी झाडे आणि मागे थोडी मोकळी जागा आहे, मुलांना पक्ष्यांसाठी दाण्यांची पेटी टांगायची आहे, तर ती टांगावी का, आणि त्याखेरीज हिवाळ्यात वन्यजीवांसाठी व परिसरासाठी घरच्या घरी काय करता येईल? गेली सव्वीस वर्षे मी जखमी पक्ष्यांची शुश्रूषा आणि पाणथळींवरील पक्षीगणना ही दोन कामे करत आलो आहे. त्या अनुभवावरून उत्तर देतो, आणि सुरुवातीलाच सांगतो की पेटी टांगण्याची घाई करू नका. मुलांचा उत्साह मात्र अजिबात मोडू नका. त्यांच्यासाठी याहून अधिक उपयोगाचे काम भरपूर आहे.

थंडीत पक्ष्यांना खायला घालण्याची पद्धत जिथे रुजली ते देश बर्फाचे आहेत. तिथे डिसेंबरात जमीन गोठते, दिवस जेमतेम आठ तासांचा असतो, आणि लहानशा पक्ष्याला रात्र काढण्यापुरती चरबी मिळवणेही अवघड जाते. दख्खनच्या पठारावर परिस्थिती नेमकी उलटी असते. पावसाळ्यात वाढलेल्या गवताचे बी पिकून पडलेले असते, शेतात तूर फुललेली आणि ज्वारी निसवत असलेली असते, वड-उंबरांवर फळे असतात आणि उन्हे वर आली की कीटकही हिंडूफिरू लागतात. सैबेरिया, मध्य आशिया आणि हिमालयातून हजारो किलोमीटर उडून पक्षी आपल्याकडे येतात ते इथे हे सगळे आयते मिळते म्हणूनच. त्यांना आपण नवे काही देण्याची गरज फारशी नसते. जे आहे ते आपण जाळू नये, झाडून टाकू नये आणि त्यांना सुखाने खाऊ द्यावे, एवढीच खरी गरज असते. पुढे जे सांगणार आहे ते बहुतेक याच एका गोष्टीभोवतीचे आहे.

तुमच्या आवारात हिवाळ्यात कोण येते ते आधी पाहा. शेपटी सतत थरथरवत भिंतीच्या कडेने फिरणारा थिरथिऱ्या, पाण्याच्या टाकीजवळ शेपटी वरखाली करत चालणारा धोबी, झुडपात दिसण्याआधी ऐकू येणारा वटवट्या, फांदीवरून झेप घेऊन पुन्हा त्याच फांदीवर बसणारा छोटा माशीमार, आणि मोकळ्या जागेच्या कडेला एखाद्या काटकीवर बसणारा गप्पीदास. हे सगळे कीटक खाणारे पक्षी आहेत. दाण्याकडे ते ढुंकूनही पाहणार नाहीत. मग दाणे कोण खाते? पारवे खातात, आणि रात्री उंदीर-घुशी. आयत्या दाण्यांवर पारव्यांची संख्या वाढत जाते, इमारतींच्या सांदी आणि खिडक्यांच्या चौकटी ते अडवून बसतात, आणि त्यांच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ वर्षानुवर्षे श्वासात गेल्याने फुप्फुसांचा गंभीर आजार जडलेली माणसे तुमच्या परिचयातही निघतील. मुलांना काहीतरी टांगायचेच असेल तर कोकणात दाराला भाताच्या लोंब्यांचे तोरण बांधतात तसे बांधा, किंवा ज्वारीची चार कणसे गॅलरीत लटकवा. लोंबणाऱ्या कणसाला चिमणी सहज लटकते, जड अंगाच्या पारव्याला ते जमत नाही. पेरू-चिकूचे झाड असेल तर शेंड्यावरची फळे काढू नका. खाऊ घालण्याच्या बाबतीत एवढे पुरेसे आहे.

या निमित्ताने समुद्रावरचे एक दृश्य सांगतो, कारण तुमच्यापैकी अनेकजण सुट्टीत तिकडे जातात. गेटवे ऑफ इंडियाहून मांडव्याला किंवा घारापुरीला जाणाऱ्या लाँचच्या मागे नोव्हेंबरपासून कुरवांचे थवेच्या थवे उडत असतात, आणि प्रवासी त्यांच्याकडे वेफर्स, कुरमुरे, शेव भिरकावत असतात. हवेतल्या हवेत झेल घेणारा पांढराशुभ्र पक्षी हातभर अंतरावरून पाहताना आनंद होतो हे मी समजू शकतो. पण कुरव हा मासे, किडे आणि खेकडे खाणारा पक्षी आहे, आणि मार्च-एप्रिलमध्ये त्याला पुन्हा मध्य आशियापर्यंतचा पल्ला गाठायचा असतो. त्या उड्डाणासाठी लागणारी ताकद मीठ-तेलात तळलेल्या पिठातून येत नाही. पोट भरल्याचा भास होतो आणि मासे शोधण्याचा वेळ वाया जातो. शिवाय पुड्या बऱ्याच वेळा पाण्यातच पडतात. पुढच्या खेपेला मुलांच्या हातात पुडीऐवजी दुर्बीण द्या आणि पांढऱ्या डोळ्याचे कुरव किती, काळ्या डोळ्याचे किती हे मोजायला सांगा; एकाच थव्यात कुरवांच्या दोन जाती आहेत हे त्यांना आपोआप कळेल.

आता तुमच्या आवारातल्या सर्वांत महत्त्वाच्या गोष्टीकडे येतो, ती म्हणजे पाचोळा. डिसेंबरपासून मार्चपर्यंत आपल्याकडे पानगळ चालते, आणि रोज सकाळी आवार लख्ख झाडून पानांचा ढीग कोपऱ्यात पेटवून देणे म्हणजे स्वच्छता, अशी समजूत घट्ट बसलेली आहे. एकदा सकाळी साडेनऊच्या सुमारास, ऊन वर आल्यावर, मुलांना घेऊन झाडाखालच्या न झाडलेल्या जागेत बसा आणि एका काटकीने वीतभर जागेतला पाचोळा हलकेच बाजूला करा. वरचा थर कोरडा आणि चुरचुरीत लागेल. त्याखाली पाने ओलसर, काळपट आणि एकमेकांना चिकटलेली असतील, त्यांच्यावर बुरशीचे पांढरे धागे पसरलेले दिसतील, आणि त्या धाग्यांतून वाणी, गोगलगायी, कोळी, भुंगेऱ्यांच्या गुबगुबीत अळ्या आणि पतंगांचे तपकिरी कोष बाहेर येतील. सातभाईंचा कळप दुपारी झाडाखाली जो पाचोळा उलथापालथा करतो तो यांच्यासाठी. आपण पेटवलेल्या एका ढिगात पक्ष्यांचे पुढच्या दोन महिन्यांचे अन्न आणि पावसाळ्यातली फुलपाखरे-पतंग दोन्ही जळून जातात. सापसुरळी पळून जाऊ शकते, कोष पळू शकत नाही.

धुराचा भाग वेगळा आहे आणि तोही तितकाच महत्त्वाचा आहे. हिवाळ्यात रात्री जमीन लवकर थंड होते, तिला लागून असलेली हवा गार व जड होऊन खाली बसते आणि तिच्यावर उबदार हवेचे झाकण तयार होते. उन्हाळ्यात वर निघून जाणारा धूर अशा हवेत आपल्या नाकाच्या पातळीवर सकाळपर्यंत रेंगाळतो. म्हणूनच पाचोळ्याचा एवढासा ढीगही थंडीत आख्ख्या गल्लीला खोकायला लावतो. उघड्यावर कचरा जाळण्यास घनकचरा व्यवस्थापनाच्या नियमांनीच बंदी आहे, पण दंडाची भीती घालण्यापेक्षा सफाई करणाऱ्या मावशींना दुसरी सोय करून द्यावी, असा माझा अनुभव आहे. रस्ते आणि वाहनतळ झाडून घ्या, झाडांखालची जागा तशीच राहू द्या. झाडलेला पाचोळा टाकण्यासाठी कुंपणाच्या जाळीचे साधारण तीन फूट व्यासाचे गोल कडे उभे करा. त्यात पाने दाबून भरा, दर फुटाला थोडा शेणकाला किंवा जुन्या खताची मूठ टाका आणि आठवड्यातून एकदा पाणी शिंपडा. वर्षावृक्ष आणि गुलमोहराची बारीक पाने पावसाळ्याच्या तोंडाला काळे मऊ खत होऊन मिळतात. आंबा, फणस, वड यांची चामड्यासारखी पाने वेळ घेतात, म्हणून ती चुरून टाकावीत. आमच्याकडच्या अशा एका कड्याच्या तळाशी गेल्या वर्षी एक भेक ऐन थंडीत मातीत रुतून निश्चल बसलेला सापडला. त्याच्यावर पुन्हा पाने लोटून आम्ही ते कडे जूनपर्यंत हलवले नाही.

आगीचा विषय आवाराबाहेरही जातो. टेकड्या आणि किल्ल्यांवरचे गवत डिसेंबरपर्यंत पार वाळलेले असते, आणि तंबूत मुक्काम करणाऱ्यांची अर्धवट विझलेली शेकोटी डोंगराची आख्खी बाजू जाळू शकते. वनविभाग हिवाळ्यात जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून गवत काढलेले पट्टे, काढतो तो याच भीतीने. शेकोटी करायचीच असेल तर ती आधीपासून जळक्या असलेल्या जागीच करा, ओंडका टाकण्यापूर्वी त्याची पोकळी तपासा, टायर किंवा प्लास्टिक कधीही घालू नका, आणि निघताना पाणी ओतून राखेत हात घालता येईल इतकी ती गार झाली आहे का ते पाहा. गावी ज्यांची उसाची शेती आहे त्यांनी पाचट पेटवू नये, सरींत आच्छादन म्हणून पसरावे; ओल टिकते, गांडुळे टिकतात आणि त्यात लपलेले ससे, मुंगूस, रानमांजरांची पिल्ले वाचतात. पेटवल्याने पुढचे गवत जोमदार येते असे सांगणारे भेटतील, परंतु आगीत कोवळी रोपे आणि जमिनीवर राहणारे सगळेच जीव जातात हे त्या हिशेबात धरलेले नसते.

ऊसतोडीच्या बाबतीत आणखी एक सांगणे आवश्यक आहे. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या भागांत गळीत हंगाम सुरू झाला की फडात बिबट्याची पिल्ले सापडू लागतात. अशा वेळी पिल्लाला उचलणे, मांडीवर घेऊन छायाचित्र काढणे, दूध पाजणे यांतले काहीही करू नये. काम थांबवून सर्वांनी मागे यावे आणि वनविभागाला कळवावे. महाराष्ट्रात त्यासाठी १९२६ हा निःशुल्क क्रमांक आहे. वनविभाग व पशुवैद्य पिल्ले तपासून संध्याकाळी त्याच जागी खोक्यात ठेवतात आणि बहुतेक वेळा रात्रीतून आई येऊन ती घेऊन जाते. पिल्लू दूर नेले तर तिला शोधत आई वस्तीभोवती फिरत राहते, आणि तो धोका माणसांनाही असतो. अनेकदा ही पिल्ले बिबट्याची नसून रानमांजराची असतात. त्यांच्याबाबतही नियम हाच.

आता मांजा. मी शुश्रूषा केलेल्या पक्ष्यांत हिवाळ्यातले सर्वांत मोठे कारण हेच आहे, म्हणून यावर थोडे थांबतो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये नायलॉन आणि इतर कृत्रिम मांजावर देशभर बंदी घातली, तरी तो मिळतो आणि वापरला जातो. संक्रांत एका दिवसात संपते, मांजा संपत नाही. सुती दोरा पावसापाण्यात कुजून तुटतो. नायलॉन कुजत नाही आणि झाडाच्या शेंड्यावर वर्षानुवर्षे तसाच तणून राहतो. घारी, पारवे, बगळे दिवसा अडकतात, तर घुबडे आणि वटवाघळे रात्री. मला न विसरता येणारी घार संक्रांतीनंतर नऊ दिवसांनी पिंपळाच्या फांदीला एका पंखावर लोंबकळत होती. पक्ष्याच्या पंखात खांद्यापासून मनगटापर्यंत कातडीचा एक पातळ पडदा ताणलेला असतो. त्याच्यावाचून पंख पूर्ण उघडता येत नाही. दोरा त्या पडद्यात दोन ठिकाणी रुतला होता आणि घार जितकी फडफडत होती तितका तो आणखी आत जात होता. खाली उतरवल्यावर मदतीला धावलेल्या एका मुलाने कळवळ्याने दोरा ओढून काढायचा प्रयत्न केला आणि पडदा कडेपर्यंत फाटला. त्या घारीची जखम भरली, पण ती पुन्हा उडू शकली नाही. मुलाची यात चूक नव्हती. त्याला कोणी सांगितलेले नव्हते. म्हणून हे तुमच्या सोसायटीतल्या प्रत्येकाला सांगा : दोरा कधीही ओढायचा नाही. जखमेच्या दोन्ही बाजूंना वीतभर दोरा सोडून कात्रीने कापायचा, पक्ष्याच्या डोक्यासह अंगावर सुती कापड टाकून त्याला पुठ्ठ्याच्या भोके पाडलेल्या खोक्यात ठेवायचे, खोके अंधाऱ्या शांत जागी न्यायचे, चोचीत पाणी ओतायचे नाही, खायला द्यायचे नाही, आणि लगेच वनविभागाला किंवा जवळच्या पक्षीमित्रांना बोलवायचे. पक्ष्याला दडपण सर्वांत जास्त बसते ते बघ्यांच्या गर्दीने आणि आवाजाने.

पतंग उडवण्याचा आनंद मुलांनी अवश्य घ्यावा. साधा सुती दोरा वापरावा, आणि सकाळी आठपूर्वी व संध्याकाळी पाचनंतर पतंग खाली घ्यावा, कारण थव्यांची ये-जा त्या वेळी सर्वाधिक असते. जानेवारीचा शेवटचा रविवार आवारातला मांजा गोळा करण्यासाठी राखून ठेवा. लांब बांबूला आकडी बांधली की खालच्या फांद्यांवरचा बराच मांजा निघतो. मिळालेला दोरा पुठ्ठ्यावर गुंडाळा, नंतर कात्रीने बोटभर लांबीचे तुकडे करा आणि मगच सुक्या कचऱ्यात द्या. आख्खा गुंता दिला तर तो कचरा डेपोवर घारी-बगळ्यांच्या पायांत जातो. विजेच्या तारांवरच्या मांजाला मात्र कोणीही हात लावू नये.

भिगवणला जाण्याचा तुमचा बेत असल्याचे तुम्ही लिहिले आहे. उजनी धरणाचे पाणी जसजसे ओसरते तसतसा चिखल उघडा पडतो आणि जानेवारीनंतर रोहित (फ्लेमिंगो), तुतवार, चक्रवाक या पक्ष्यांची गर्दी वाढते. तिथे तुम्ही पक्ष्यांसाठी करू शकाल अशी सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे नावाड्याला निघण्यापूर्वीच सांगणे की, ‘दादा, थवा उठवू नका, लांबूनच दाखवा.’ पर्यटकांना उडणाऱ्या थव्याचे छायाचित्र हवे असते, म्हणून नाव थेट थव्यावर नेली जाते. गिऱ्हाइकानेच नको म्हटले की नावाडीही खुशीने ऐकतो. पट्टकदंबांसारखे पक्षी परतताना हिमालय ओलांडतात, आणि त्यासाठीची चरबी याच दोन-अडीच महिन्यांत साठवावी लागते. दिवसातून दहा वेळा उठवलेला थवा खाण्याऐवजी उडण्यातच ती खर्च करतो. नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वरला, जे २०२० मध्ये महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, ठरले, मनोऱ्यांवरून पाहण्याची सोय आहे. लहान मुलांना घेऊन पहिल्यांदा जाणाऱ्यांना मी तिकडे पाठवतो.

उरलेल्या गोष्टी छोट्या आहेत. पाण्याची पसरट मातीची थाळी उन्हाळ्याची वाट न पाहता आताच ठेवा, कारण डबकी डिसेंबरातच आटतात. पाणी दोन बोटांपेक्षा खोल नको, मध्ये एक दगड हवा, आणि थाळी रोज नारळाच्या शेंडीने घासून पाणी बदलायला हवे. आंब्याला मोहोर आलेला असताना कीटकनाशक फवारू नका. त्याच मोहोरावर परागीभवन करणाऱ्या माश्या आणि सातेरी मधमाश्या येतात. इमारतीला आग्या मोहोळ लागले तर विष मारणाऱ्यांना बोलावण्याआधी खाली दोरी बांधून ये-जा वळवा, तिथले दिवे रात्री बंद ठेवा. फुलोरा सरला की मोहोळ बहुधा आपणहून उठते. झाडांना गुंडाळलेल्या दिव्यांच्या माळा रात्री दहानंतर बंद करा, आणि त्या बांधताना खिळे ठोकू नका. घाटातून किंवा माळावरून रात्री गाडी चालवत असाल तर वेग कमी ठेवा. तापलेल्या डांबराच्या उबेला रातवे आणि साप येऊन बसतात. घोणशीचा मिलनकाळही थंडीतच असतो, त्यामुळे दगड-विटांच्या ढिगात हात घालताना काळजी घ्या, आणि साप दिसला तर मारण्याऐवजी सर्पमित्राला बोलवा.

आणि मुलांसाठी एक वही. आपल्याकडे ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो, जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना असते आणि फेब्रुवारीत जगभर चार दिवस परसातले पक्षी मोजतात. या तिन्हींत मुलांना भाग घेता येतो. पण त्यापेक्षाही, आवारात पहिला थिरथिऱ्या कोणत्या तारखेला दिसला आणि शेवटचा कोणत्या, एवढे दोनच आकडे त्यांनी दरवर्षी लिहावेत. माझ्या वहीत सव्वीस वर्षांच्या अशा तारखा आहेत, आणि त्यांतली तीन वर्षे कोरी आहेत. त्या तीन हिवाळ्यांत आमच्या मागच्या मोकळ्या जागेतली सगळी झुडपे काढून फरशी घालण्यात आली होती. चौथ्या वर्षी कडेची हातभर पट्टी उखडून तिथे घाणेरी आणि गवत वाढू दिले. त्या नोव्हेंबरात तो परत आला.